ट्रायफलमधलं पाणी

ट्रायफल, म्हणजे केक, फळं, कस्टर्ड आणि क्रीम यांचे थर लावलेला गोड पदार्थ, बिघडतं ते बहुतेक वेळा पाण्यानं. चव चांगली असते, फळं ताजी असतात, कस्टर्डमध्ये एकही गुठळी नसते. तरी जेवणं उरकल्यावर भांडं बाहेर काढावं तर तळाशी पिवळं पाणी साचलेलं, वरचं क्रीम एका बाजूला घसरलेलं आणि मधले थर एकमेकांत मिसळलेले. कारण शोधायला लांब जावं लागत नाही. केक पाणी पितो, कापलेलं फळ पाणी सोडतं, कस्टर्ड दुसऱ्या दिवशी पाणी गाळायला लागतं आणि क्रीम उकाड्यात सैल पडतं. हे सगळं एकाच काचेच्या भांड्यात रात्रभर चालू असतं. कोणत्या थरानं पाणी सोडायचं आणि ते कोणी घ्यायचं, हे भांडं भरायच्या आधी ठरलेलं असलं की निम्मं काम झालं.

हा पदार्थ मूळचा इंग्लंडचा. तिथं तळाला शेरी नावाच्या मद्यात भिजवलेला स्पंज, त्यावर फळं किंवा जेली, मग अंड्याचं कस्टर्ड आणि सगळ्यात वर फेटलेलं क्रीम. तिथल्या हवेत हे भांडं टेबलावर बराच वेळ निवांत उभं राहतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि नेमकी त्याच दिवसांत लग्नं, मुंजी, सुट्टीला आलेली लेकरं, माहेरपणाला आलेल्या लेकी अशी घरं भरलेली असतात. तिकडची कृती जशीच्या तशी उचलली तर ती परभणीत किंवा बीडमध्ये तासभरही तग धरत नाही. इथं टिकणारं ट्रायफल करता येतं, फक्त त्यातले काही थर इथल्या हवेला आणि इथल्या फळांना धरून बदलावे लागतात. हे बदल म्हणजे तडजोड आहे असं मला अजिबात वाटत नाही. येसरची झणझणीत आमटी आणि भाकरी जेवल्यावर नुसत्या गोड क्रीमपेक्षा चक्क्याचा आंबूसपणा जिभेला जास्त बरा वाटतो.

अंड्याची अडचण तर फार आधीच सुटली आहे. आल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ मध्ये बर्मिंगहॅमला बिनअंड्याचं कस्टर्ड तयार केलं, कारण त्यांच्या पत्नीला अंडं सोसत नव्हतं. आज किराणा दुकानात मिळणारी कस्टर्ड पावडर त्याच जातीची: मक्याचा स्टार्च, रंग आणि व्हॅनिलाचा वास. ज्या घरात अंडं चालत नाही तिथं लग्नाच्या पंगतीतलं फ्रूट सॅलड पिढ्यान्‌पिढ्या याच पावडरीवर झालं आहे. फ्रूट सॅलड जमणाऱ्या हाताला ट्रायफल अवघड नाही. फरक इतकाच की फ्रूट सॅलडमध्ये पाणी सुटलं तर ते दुधात मिसळून जातं, इथं ते काचेतून दिसतं.

आधी भांड्याचं माप घ्या. पंधरा जणांसाठी ३ लिटरचं, सरळ भिंतींचं, १८ ते २० सेंटीमीटर रुंद आणि साधारण १२ सेंटीमीटर खोल काचेचं भांडं लागतं. माप डोळ्यांनी ठरवू नका; लिटरच्या मापानं पाणी ओतून बघा. खाली निमुळतं होत जाणारं भांडं दिसायला सुंदर असतं, पण त्यात तळाला केक कमी आणि वर क्रीम फार अशी विभागणी होते आणि शेवटच्या चार वाट्यांमध्ये नुसता ओला केक उरतो. मोठं भांडं नसेल तर चहाच्या काचेच्या ग्लासांमध्ये एकेकाचं वेगळं ट्रायफल लावावं. धोंड्याच्या जेवणाला जावई आलेले असतील, पुरणाचे धोंडे आणि त्यावर तुपाची धार झालेली असेल, तर त्यानंतर माणशी १०० ते १२० मिलीचा एक ग्लास पुष्कळ होतो. एरवी माणशी १८० मिली धरावं.

पंधरा जणांचं सामान असं: ३०० ग्रॅम साधा स्पंज, ६०० ग्रॅम फळांच्या फोडी (साल-कोय काढून), ७५० मिली दुधाचं कस्टर्ड, आणि वरच्या थरासाठी ५०० ग्रॅम चक्का, १५० ग्रॅम पिठीसाखर व १५० मिली क्रीम. ३ लिटरच्या भांड्यात हे सगळं बसून वर बोटभर जागा राहते. ती जागा हवीच, कारण झाकण क्रीमला टेकता कामा नये.

स्पंजपासून सुरुवात करू. बेकरीत क्रीम न लावलेला साधा व्हॅनिला स्पंज सांगून ठेवला तर मिळतो. तो एक दिवस शिळा असलेला चांगला. ताजा, मऊ स्पंज आधीच ओलसर असतो. त्यावर पाक पडला की त्याचा लगदा होतो आणि फळांतून उतरणारं पाणी प्यायला त्याच्यात जागाच उरत नाही. म्हणून त्याच्या दोन-अडीच सेंटीमीटरच्या फोडी कापून ताटात पसरून ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की पंख्याखाली तास-दीड तासात फोडींचे कोपरे कडक होतात. पावसाळ्यात तसं होत नाही. तेव्हा १०० अंशांच्या ओव्हनमध्ये पंधरा मिनिटं, नाहीतर मंद तव्यावर दोन्ही बाजूंनी नुसत्या शेकून घ्यायच्या. रंग येऊ द्यायचा नाही. मावा केक किंवा वाटी केक या कामाला घेऊ नका. त्यांत तूप-तेल जास्त असतं, ते पाणी पीत नाहीत आणि थंड झाल्यावर घट्ट लागतात.

भिजवायला १०० ग्रॅम साखर आणि १५० मिली पाण्याचा, एक उकळी आणून गार केलेला पाक पुरतो. तार येऊ द्यायची नाही. वेलची किंवा चार काड्या केशर त्यातच घालावं. हा सगळा पाक वापरायचाच असं नाही. अंड्याचा स्पंज असेल तर ३०० ग्रॅमला १२० ते १५० मिली लागतो. बिनअंड्याचा असेल तर ८० ते १०० मिलीवर थांबा, कारण तो लवकर भिजतो आणि लवकर तुटतो. पाक ओतायचा नाही, चमच्यानं शिंपडायचा. एक फोड बोटानं दाबून बघा: बोटाला ओल लागली पाहिजे, पण थेंब गळता कामा नये. या टप्प्यावर फोडी थोड्या कोरड्या वाटल्या तरी चालतात. रात्रभरात वरच्या फळांचा रस त्यांच्यात उतरणार आहे, आणि त्यांनी तो घ्यावा म्हणूनच त्या तळाला आहेत.

पाकाऐवजी फळांचा रस वापरायचा मोह होतो. जालना जवळ असताना मोसंबीचाच रस का नको? जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि तिचा ताजा रस खरोखर गोड असतो. पण मोसंबीचा रस काढून ठेवला की तासा-दोन तासांत कडू व्हायला लागतो. फळाच्या पडद्यात आणि बियांत असलेला एक घटक रसातल्या आंबटपणामुळे हळूहळू कडू रूप घेतो. सुरुवातीला तो जिभेला कळतही नाही. रात्रभर ठेवायच्या ट्रायफलमध्ये हा रस घातला तर सकाळी तळाचा केक कडवट लागतो आणि दोष मात्र केकवर जातो. मोसंबी वापरायचीच असेल तर पडदे सोलून काढलेल्या फोडी आयत्या वेळी वर मांडा.

उन्हाळ्यात फळ एकच पुरे, केसर. मूळचा जुनागढकडचा हा आंबा मराठवाड्याच्या कोरड्या हवेत इतका रुळला आहे की २०१६ मध्येच ‘मराठवाडा केसर’ म्हणून त्यालाही मानांकन मिळालं. ट्रायफलसाठी रसाला घेतो तसा पूर्ण मऊ आंबा घेऊ नका. देठाजवळ वास सुटलेला, पण अंगठ्यानं दाबल्यावर थोडा विरोध करणारा आंबा दीड सेंटीमीटरच्या फोडींना बरा. मध्यम आकाराचे पाच पुरतात. फोडी चाळणीत टाकून खाली वाटी ठेवायची. फळ फार रसाळ असेल तर चमचाभर साखर लावून अर्धा तास निथळू द्यायचं आणि वाटीत उतरलेला रस पाकात मिसळून स्पंजवर शिंपडायचा, पाकाचं माप तेवढं कमी करून. साखर फळातलं पाणी बाहेर ओढते. हे काम तिनं चाळणीत करावं, ट्रायफलच्या भांड्यात नव्हे. त्याच कारणानं, गोड नाही म्हणून भांड्यात मांडलेल्या फळावर वरून साखर भुरभुरणं ही सगळ्यात महागात पडणारी सवय आहे.

द्राक्षं, डाळिंबाचे दाणे धुतल्यावर सुती फडक्यावर पूर्ण कोरडे करून घ्या. द्राक्षं उभी अर्धी कापा म्हणजे चिरलेली बाजू काचेला लावता येते. केळं आणि सफरचंद काळं पडतं, कलिंगड आणि खरबूज नुसतं पाणीच. ही फळं या कामाची नाहीत. अननस, पपई आणि किवी यांचा त्रास वेगळा आहे. या फळांत प्रथिनं तोडणारी विकरं असतात. कच्चा अननस क्रीमच्या किंवा चक्क्याच्या शेजारी रात्रभर राहिला की दुधातली प्रथिनं तुटून थर कडू होतो, आणि जिलेटिनची जेली तर जमतच नाही. अननसाच्या फोडी थोड्या साखरेत पाच-सात मिनिटं शिजवून, निथळून घेतल्या की ही विकरं निकामी होतात. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो, तो चालतो.

आता कस्टर्ड. इथं घाई करणाऱ्याला ट्रायफल जमत नाही. ७५० मिली म्हशीचं दूध घ्या. त्यातलं १५० मिली गार दूध बाजूला काढून त्यात ४५ ग्रॅम, म्हणजे सपाट पाच टेबलस्पून, कस्टर्ड पावडर कालवा. गरम दुधात पावडर टाकली की प्रत्येक कणाभोवती बाहेरून शिजलेला थर तयार होतो आणि आत कोरडं पीठ अडकतं. गुठळ्या होतात त्या अशा. उरलेलं ६०० मिली दूध जाड बुडाच्या पातेल्यात १०० ग्रॅम साखर घालून उकळीला आणा. उन्हाळ्यात दुधाचा भरवसा नसतो, म्हणून आधी चमचाभर दूध वेगळं उकळून फाटत नाही ना हे पाहणं शहाणपणाचं. कालवलेली पावडर वाटीच्या तळाशी बसलेली असते, ती पुन्हा ढवळून बारीक धारेनं सोडायची आणि उलथनं बुडाला घासत सतत हलवत राहायचं.

बहुतेक जण दूध घट्ट झालं की गॅस बंद करतात. ते लवकर होतं. स्टार्चचे कण ६५ अंशांच्या आसपास फुगायला लागतात, पण ते पूर्ण शिजायला उकळीच्या जवळची उष्णता लागते. घट्ट झाल्यावर मंद आचेवर बुडबुडे येत असताना आणखी दोन मिनिटं ढवळा. कच्चं राहिलेलं कस्टर्ड पिठूळ लागतं आणि गार झाल्यावर सैल पडतं. उलट दहा-पंधरा मिनिटं घोटत बसलं तर फुगलेले कण फुटतात आणि तेही पातळ होतं. उलथन्यावरून बोट फिरवल्यावर रेघ राहिली आणि कस्टर्ड बासुंदीपेक्षा घट्ट, श्रीखंडापेक्षा सैल दिसलं की उतरवा. गरम असताना ते नेहमीपेक्षा थोडं जास्त गोड लागलं पाहिजे, कारण थंड पदार्थाचा गोडवा जिभेला कमी जाणवतो.

चव बघितलेला चमचा पातेल्यात परत घालू नका. उष्टं म्हणून घरातली वडीलधारी माणसं हे सांगतातच, आणि कस्टर्डच्या बाबतीत ते शब्दशः खरं आहे. लाळेत स्टार्च तोडणारं विकर असतं. कोमट कस्टर्डमध्ये ते थोडंसं गेलं तरी तासाभरात चांगलं घट्ट झालेलं कस्टर्ड पळी घातल्या जागी पाणी सोडायला लागतं. ‘रात्री छान होतं, सकाळी कसं पातळ झालं?’ या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा त्या चमच्यात असतं.

पाणी सुटू नये म्हणून पावडर वाढवायची ही सर्रास दिली जाणारी सूचना मला मान्य नाही. जास्त स्टार्चनं कस्टर्डची वडी पडते, ती पळीनं फाटते आणि फाटलेल्या जागी पाणी सुटतंच. शिवाय चव पिठाची. कस्टर्ड जड करायचं असेल तर खवा घाला. धाराशिव जिल्ह्यातल्या भूम आणि कुंथलगिरीकडचा खवा मिळाला तर ७५ ग्रॅम किसून, मंद आचेवर तीन-चार मिनिटं परतून गरम कस्टर्डमध्ये मिसळावा. दुधाचा घट्ट अंश आणि स्निग्धांश वाढतो, पाणी वाढत नाही, आणि चवीला जो भरीवपणा येतो तो अंड्याच्या कस्टर्डची आठवण करून देतो. खवा त्याच दिवशी आणलेला हवा.

कस्टर्ड गार करायला पातेलं परातीत ठेवून परातीत बर्फाचं पाणी घाला आणि ढवळत राहा. वाफ जाते आणि वर साय धरत नाही. पूर्ण गार होऊन घट्ट बसेपर्यंत मात्र थांबू नका. स्टार्चचं कस्टर्ड एकदा जमलं आणि मग मोडलं की पुन्हा तसं जमत नाही. हाताला जेमतेम कोमट लागतं तेव्हाच ते पळीच्या पाठीवरून फळांवर सोडावं, म्हणजे ते फोडींच्या फटींत उतरतं आणि भांड्यातच जमतं. यापेक्षा गरम कस्टर्ड साध्या काचेत कधी ओतू नका, फ्रीजमधून काढलेल्या काचेत तर नाहीच, भांडं तडकतं. आणि ओतल्यावर लगेच झाकण ठेवू नका. कोमट कस्टर्डची वाफ झाकणाला लागून थेंब थेंब परत खाली पडते, आणि सकाळी दिसणारं वरचं पाणी कस्टर्डचं नसून झाकणाचं असतं. आधी नुसतं सुती फडकं, पूर्ण थंड झाल्यावर फडक्यावर झाकण. झाकण हवंच, कारण पाहुण्यांच्या दिवसांत फ्रीजमध्ये चिरलेला कांदा आणि लसणाची चटणी शेजारीच असते आणि दूध-क्रीम असले वास पटकन धरतात.

वरच्या थराचा मोठा प्रश्न असतो. दुकानात सहज मिळणाऱ्या पाकिटातल्या फ्रेश क्रीममध्ये साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो. ते कितीही फेटलं तरी उभं राहत नाही; फेटायला निदान ३० टक्के, आणि खात्रीनं व्हायचं तर ३५ टक्क्यांचं क्रीम लागतं. तसं मिळालं तरी मे महिन्यातल्या स्वयंपाकघरात भांडं बर्फावर ठेवूनच फेटावं लागतं, आणि टेबलावर पाऊण तासात ते बसतं. वनस्पती तुपापासून केलेलं बेकरीचं क्रीम उकाड्यात टिकतं हे खरं, पण टाळूला त्याचा मेणचट थर बसतो आणि आंब्याची चव त्याखाली दबते. चांगल्या केसरवर ते घालू नये असं मी ठामपणे सांगेन.

त्यापेक्षा चक्का. म्हशीच्या दुधाच्या सव्वा लिटर दह्यातून सुमारे ५०० ग्रॅम निघतो. उन्हाळ्यात दही बाहेर टांगलं तर आंबट होतं, म्हणून मलमलचं फडकं चाळणीत पसरून, खाली पातेलं ठेवून आणि वर वजन देऊन फ्रीजमध्येच सहा ते आठ तास निथळू द्या. नंतर पिठीसाखर मिसळून पुरणयंत्रातून काढा. साखर घातल्याबरोबर चक्का सैल होतो, तिथं घाबरून दुधाची पावडर वगैरे घालायची गरज नाही; तासभर फ्रीजमध्ये ठेवल्यावरच त्याचा घट्टपणा ठरवावा. शेवटी थंड फ्रेश क्रीम हलक्या हातानं मिसळायचं. इथं २५ टक्क्यांचंही चालतं, कारण थर उभा धरायचं काम चक्का करतो. हा थर परातीतल्या बर्फावर तासभर न ढळता राहतो. त्यात घट्ट आमरसाची वाटी घातली तर ते आम्रखंडच झालं, पण मग क्रीम वगळा, नाहीतर थर वाहतो.

जेली मला ट्रायफलमध्ये अनिवार्य वाटत नाही, पण लहान मुलांच्या वाढदिवसाला ती मागितली जाते. जिलेटिन प्राण्यांपासून येतं आणि ते ३० ते ३५ अंशांना वितळतं. मे महिन्यात आपल्या बैठकीच्या खोलीचं तापमान त्याहून जास्त असतं. चायना ग्रास समुद्री शेवाळाचं. ते एकदा जमलं की ८५ अंशांच्या आसपास जाईपर्यंत वितळत नाही आणि कच्च्या अननसानंही त्याचं काही बिघडत नाही. ५ ग्रॅम काड्या १५० मिली पाण्यात अर्धा तास भिजवून, पूर्ण विरघळेपर्यंत उकळून, गाळून, साखर घालून त्यात ३५० मिली रस मिसळायचा. काड्या रसात उकळू नका, आंबटपणानं त्यांची पकड जाते. रस फ्रीजमधला थंडगारही नको, नाहीतर मिसळता मिसळता तारा तारा होतात. ही जेलीसुद्धा थोडं पाणी सोडते, म्हणून तिची जागा स्पंजच्या लगेच वर. जेली घालायची असेल तर फळं निम्मी करा. तयार जेलीचं पाकीट घेणार असाल तर त्यावरचा हिरवा ठिपका बघून घ्या.

दसरा-दिवाळीला सारं गणित बदलतं, कारण बालाघाटाच्या डोंगरातलं सीताफळ येतं. बीडच्या सीताफळालाही २०१६ चं मानांकन आहे. सीताफळाचा गर तापवला की कडू होतो, म्हणून तो कधी गरम कस्टर्डमध्ये टाकायचा नाही आणि शिजवायचाही नाही. दीड किलो फळांतून ५००-६०० ग्रॅम गर मिळतो. तो जाड भोकांच्या चाळणीवर हातानं फिरवून काढा. मिक्सर लावू नका. बी फुटली तर गर कडू होतो आणि बी पोटाला बरी नाही. हा गर दोन लिटर दूध आटवून केलेल्या ६०० मिली पूर्ण गार रबडीत मिसळला की फळ आणि कस्टर्ड हे दोन्ही थर एकातच झाले. रबडीत स्टार्च नसल्यामुळे ती पाणी गाळत नाही. गर मात्र हवेत काळवंडतो. म्हणून तो आयत्या वेळी काढायचा आणि हे ट्रायफल तीन-चार तासांत संपवायचं.

थंडीत मात्र माझी पसंती खुबानीला, म्हणजे वाळलेल्या जर्दाळूला. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि नांदेडच्या, संभाजीनगरच्या लग्नांत खुबानी का मीठा अजूनही वाढला जातो. तो क्रीमबरोबर किंवा कस्टर्डबरोबर खातात, म्हणजे ट्रायफलचे दोन थर त्यात आधीच आहेत. २५० ग्रॅम बी असलेले तपकिरी जर्दाळू ५०० मिली पाण्यात रात्रभर भिजवा, बिया काढा, त्याच पाण्यात १०० ग्रॅम साखर घालून वीस-पंचवीस मिनिटं मंद शिजवा आणि पळीनं अर्धवट ठेचा. भडक केशरी रंगाचे बिनबियांचे जर्दाळू दिसायला छान असले तरी त्यांना हा रंग आणि ही चव येत नाही. बिया फोडून आतला गर वर पेरतात. आधी एक चाखून बघा. गोड असेल तरच वापरा, कडू असेल तर सगळ्या टाकून द्या, कडू गर विषारी असतो. खुबानीत पाणी शिजवूनच संपलेलं असल्यामुळे ती फारसं काही सोडत नाही, म्हणून या ट्रायफलमध्ये स्पंजला पाक थोडा सढळ हातानं द्यावा लागतो. घरात उरलेल्या डबल रोटीचे तुपात तळलेले तुकडे स्पंजच्या जागी वापरले तरी ते फार सुरेख होतं. त्यांना पाक गरम द्यायचा, गार पाक तुपाच्या थरातून आत जात नाही.

थर लावणं आदल्या रात्री. स्पंज, पाक, काचेला चिरलेली बाजू लावून फळं, कोमट कस्टर्ड. प्रत्येक थरानंतर काचेच्या आतल्या बाजूला लागलेले डाग ओल्या फडक्यानं पुसून घ्या. नंतर ते निघत नाहीत. सहा ते आठ तास फ्रीजमध्ये, मागच्या भिंतीला न टेकवता, कारण तिथं कडा गोठते आणि गोठलेलं कस्टर्ड सुटताना फुटून पाणीच पाणी होतं. चक्क्याचा थर वाढायच्या दोन तास आधी. पिस्ते, बदाम, ठेचलेली शेंगदाण्याची चिक्की हे अगदी वाढताना. चिक्की ओल धरून अर्ध्या तासात चिकट होते. वीज गेली तर फ्रीज उघडू नका, बंद फ्रीज साधारण चार तास थंड राहतो. उघडून बघितलं की तेवढी थंडी गेली.

भांडं बाहेर आणताना परातीत ठेचलेला बर्फ घालून त्यात बसवा. ३२ अंशांच्या वर दूध-चक्क्याचं भांडं तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहू नये, मग बर्फ असो वा नसो. वाढायला लांब दांड्याचा मोठा चमचा घ्या आणि तो सरळ तळापर्यंत उभा घाला, म्हणजे प्रत्येक वाटीत चारही थर येतात. वरून आडवं खरडलं की पहिल्या पाच जणांना नुसता चक्का आणि शेवटच्यांना नुसता केक. दुसऱ्याच्या घरी न्यायचं असेल तर कस्टर्डपर्यंतचं भांडं आणि चक्क्याचा डबा वेगळा न्या, थर तिथं जाऊन लावा.

उरलेलं त्याच दिवशी रात्रीपर्यंत संपवावं. दुसऱ्या दिवशी त्याला पाणी सुटतंच. तेव्हा सगळं एकत्र ढवळून लहान वाट्यांमध्ये फ्रूट सॅलड म्हणून द्यावं. थर गेले तरी चव गेलेली नसते. फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नका.